कापडाची वरची बाजू

आमच्या घराची रस्त्याकडची खोली एका टेबलानं भरलेली आहे. टेबल म्हणजे लांबच लांब लाकडी फळ्या, त्यावर गोणपाट, त्यावर जुन्या गोधड्या आणि सगळ्यांत वर ताणून खिळ्यांनी मारलेलं जाड कापड. ठसा मारला की तो किंचित दबला पाहिजे, म्हणून हा मऊपणा. कारंजात पूर्वी पुष्कळ घरांत अशी टेबलं होती म्हणतात. मी पाहिलं ते आमचं एकच. त्याच्या दाराकडच्या टोकाला बाबा उभे राहतात आणि भिंतीकडच्या टोकाला चाचा. चाचा आमच्या नात्यातले नाहीत. मागच्या गल्लीत राहतात. पण माझ्या जन्माच्या आधीपासून ते रोज सकाळी येतात, चप्पल उंबऱ्याबाहेर काढतात आणि आपल्या टोकाला जाऊन उभे राहतात.

या दोघांनी आयुष्यभर जाजमं छापली. लग्नात, पंगतीत, बैठकीत अंथरायची मोठी जाजमं, आणि थंडीच्या दिवसांत रजईच्या खोळी. आता लग्नात खुर्च्या असतात आणि खाली मंडपवाल्याचा हिरवा गालिचा. जाजम कोणी मागत नाही. रजयाही शोरूममधून येतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा माझा आतेभाऊ टेप घेऊन खोली मोजत होता. त्याला तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं.

"मामा, टेबल काढलं का दोन काउंटर आरामात बसते," तो म्हणाला.

बाबा रंग ढवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "शेलूबाजारचे पडदे जाऊ दे आधी. जमले तं टेबल राहीन. नाई जमले तं खोली तुही."

"अन् मले बी घेजो रे दुकानात," चाचा पलीकडून म्हणाले. "मोबाइलच्या पाठीवर फुलं छापून देत जाईन."

आतेभाऊ हसला. बाबा हसले नाहीत. ते टेबल एकदा खोललं की पुन्हा उभं राहणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याचे पाय आतून पोखरलेले आहेत. फळ्या एकमेकींच्या आधारावर उभ्या आहेत.

 आणि त्या पडद्यांची नक्षी मी काढलेली होती.

हे कसं झालं ते नीट सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अमरावतीला भूगर्भशास्त्र शिकते. हा विषय मी फार विचार करून घेतला असं नाही. जागा होती, म्हणून मिळाला. घरी अजूनही कोणी विचारलं तर आई सांगते, "दगडाचं शिकते." समोरचा माणूस थोडा वेळ थांबतो आणि मग दुसरं काहीतरी विचारतो.

गेल्या उन्हाळ्यात रिठदला मामाच्या वावरात नवी विहीर खोदली. काठावर दगडाचा ढिगारा पडला होता. मी तासन्तास त्या ढिगाऱ्यावर बसायचे. मामी म्हणायची, "हे पोरगी वावरात आली का खदानीत?" काळा दगड फोडला की आत लहान लहान पोकळ्या दिसत, आणि त्या पांढऱ्या चमकदार खड्यांनी भरलेल्या असत. काही पोकळ्या गोल होत्या, पण बहुतेक लांबट. वर जाड डोकं आणि खाली बारीक होत गेलेली शेपटी. मला ते रूप फार आवडलं. मी वहीत ते काढत राहिले. घरी आल्यावर चाचांना दाखवलं. चाचा ठसेही कोरतात. त्यांनी जुन्या बाजेचा सागवानी पाय घेतला आणि मला विचारलं, "याच्यात छापाचं काय अन् सोडाचं काय?"

मी म्हटलं, काळं छापायचं आणि पोकळ्या सोडायच्या. कापडाचा पांढरा रंग हाच आतला खडा.

त्यांनी पाच ठसे कोरले. आम्ही एका तक्क्याच्या खोळीवर ते मारून पाहिले, आणि ती खोळ आईनं ओट्यावरच्या तक्क्याला घातली. शेलूबाजारहून एक बाई आईकडे रजईच्या खोळीचं विचारायला आल्या होत्या. त्यांचा धान्याच्या खरेदीचा धंदा होता आणि हायवेला लागून नवीन बंगला बांधून होत आला होता. बाई त्या तक्क्यावर हात ठेवून बसल्या आणि मग हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "दगड आहे, पण मऊ." जाताना त्यांनी हॉलचे आठ पडदे आणि सोफ्याच्या उशा सांगितल्या. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी पडदे लागलेले पाहिजेत, एवढीच त्यांची अट होती.

आमच्या घरात पडदा कधीच छापला गेला नव्हता.

छपाई सुरू झाली तेव्हा मी एकाच गोष्टीवर नजर ठेवून होते. नक्षी एकसारखी दिसू नये. दगडात एकासारखी एक पोकळी नसते. पण जाजम छापणाऱ्याचा हात ठशाला ठसा बरोबर भिडवतो, केसाचीही फट राहू देत नाही. चाचांचे ठसे ओळीत बसत आणि कापड फरशीसारखं दिसू लागे.

"चाचा, थोडा सरकवा न. ओळीत नका मारू."

"उभी जिंदगी हात सरळ कराले गेली," चाचा ठसा हातात धरून म्हणाले, "अन् आता हे म्हन्ते वाकडा कर. भाऊ, तुमच्या पोरीले कॉलेजात हेच शिकोतात काय?"

"माह्याकडं काय पायता," बाबा म्हणाले. "मले बी वाकडंच मारा लागून राह्यलं."

"तुमचा तं आधीपासूनच वाकडा हाय."

अशी थट्टा चालायची, पण आत ताण होता. चुकलेला ठसा पुसता येत नाही. कापड मोजकंच आणलेलं होतं. मी दोघांच्या हातांकडे आळीपाळीनं बघत टेबलाभोवती भिंतीला घासून फिरायचे. बाबा दाराकडून सुरुवात करत, चाचा भिंतीकडून, आणि दोघं मध्ये येऊन भेटत. आमच्याकडे असंच छापतात. जाजमाच्या चारी बाजूंनी माणसं बसतात. प्रत्येकाला फूल आपल्या समोर उभं दिसलं पाहिजे. म्हणून जो ज्या टोकाला उभा, त्याच्या बाजूला ठशाचा पाय आणि मध्याकडे डोकं. हे कोणी शिकवत नाही, हात आपोआप तसा पडतो. मी ते लहानपणापासून बघत आले होते, म्हणून मला ते दिसतच नव्हतं.

आठवा पडदा छापून झाला. गच्चीवर वाळलेले पडदे घडी करून आम्ही आईच्या मशीनजवळ ठेवले. आईला वर पट्टी लावून चुण्या घालायच्या होत्या. तिनं पहिला पडदा उलगडला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि विचारलं, "याची वरची बाजू कोन्ती?"



"कोन्ती बी घे," बाबा म्हणाले.

"जाजमाले कायची आली वरची बाजू?" चाचा म्हणाले.

"हे जाजम नोहे न पन," आई म्हणाली. "हे टांगाचं हाय."

मी पडदा घेतला आणि जिन्याच्या वरच्या कठड्यावरून खाली सोडला. आम्ही चौघं खाली अंगणात उभे राहिलो. सकाळचं ऊन कापडावर होतं. वरच्या अर्ध्या भागात पोकळ्यांची डोकी खाली होती आणि शेपट्या वर. खालच्या अर्ध्या भागात डोकी वर होती आणि शेपट्या खाली. पडद्याच्या मधोमध दोन्ही एकमेकांवर येऊन आदळत होत्या. मी पडदा ओढून दुसऱ्या टोकानं लावून पाहिला. तेच. कसाही लावला तरी वरचा अर्धा उलटाच राहणार होता.

मग एकेक करून आठही बघितले. आठही तसेच.

"झकास तं दिसून राह्यलं," चाचा म्हणाले. पण त्यांचा आवाज पडला होता.

"काय झालं वं?" बाबांनी मला विचारलं. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं असणार.

मला तेव्हा खोटं बोलता आलं असतं. खरं सांगते, काही क्षण मी तोच विचार करत होते. पडद्याला चुण्या पडतील, नक्षी घड्यांत जाईल, त्या बाईंना काय कळणार आहे. वास्तुशांतीला जेमतेम तीन दिवस होते. पण तोंडातून निघून गेलं, "बाबा, हे उलटं झालं."

"उलटं कसं? दगडाले उलटं-सुलटं असते काय?"

मग मला समजावून सांगावं लागलं. मी अडखळत सांगितलं. हा आपल्याकडचा सगळा काळा दगड एकदा पातळ होता, खूप तापलेला. आई गुळाचा पाक करते तेव्हा बुडबुडे कुठं जातात? वर. तसे यातले बुडबुडे वर चढत होते आणि चढता चढताच वरचा थर गार झाला, दगड झाला, ते अडकले. म्हणून त्यांचं डोकं वर असतं. पडद्यात अर्धे वर चालले आहेत आणि अर्धे खाली पडत आहेत.

बाबांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तू सांगतलं नसतं तं बरं झालं असतं. आता मले बी थेच दिसून राह्यलं."

"माहं तं डोकंच फिरून राह्यलं याच्याकडं पाहून," चाचा म्हणाले आणि खाली पायरीवर बसले. "आमी तोंडाले तोंड करून उभे राह्यतो न, भाऊ. तुमची डोकी बी मंधात, माही बी मंधात. दोघाइचे बुडबुडे मंधात टकरले."

"पाहुन्याइले काय समजते," बाबा म्हणाले. "चुन्यात लपून जाईन. असेच देऊन टाकू."

असेच देऊन टाकू म्हणाले खरे, पण ते उभेच होते.  आईनं पडद्याचं खालचं टोक धरलं होतं आणि ती ते बोटांत चुरत होती. मला वाटलं, आता आतेभाऊ येणार, टेबलाचे बोल्ट काढणार, आणि हे सगळं माझ्या वहीतल्या चित्रापासून सुरू झालं. चित्र टेबलावर आडवं ठेवलेलं होतं. त्यालाही वरची बाजू आहे, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. मीही जाजमाच्याच घरातली.

"मधातून कापलं तं?" आईनं हळूच विचारलं. "वरचा तुकडा फिरवून खालच्याले जोडला तं सगळेच वर नाई होत?"

बाबांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं हातातलं टोक सोडून दिलं.

आमच्या घरात छापलेल्या कापडाला कात्री लावत नाहीत. छपाईच्या खोलीत कात्री ठेवतच नाहीत. जाजम अख्खं जातं. कापायचं असेल तर गिऱ्हाईक आपल्या घरी कापतं, आपल्यासमोर नाही. बाबांच्या वडिलांचाही तोच नेम होता. चाचाही खाली मान घालून बसले होते. त्यांनाही तो नेम तितकाच लागू होता.

आणि कापलं तरी अडचण होतीच. शिवणीत कापड जाणार. पडदा आखूड होणार, जमिनीपासून वर उचलला जाणार. नव्या बंगल्यात आखूड पडदे! शिवाय वरच्या तुकड्याची कड आणि खालच्याची कड एकमेकांना जुळणार नव्हती. मधोमध कापल्यासारखी रेघ दिसणार होती.

रेघ. तेव्हा मला विहिरीच्या ढिगाऱ्यातली एक गोष्ट आठवली. मी ती नीट मांडली नाही, घाईघाईनं बोलले. एक थर वाहून आला, गार झाला. मग पुष्कळ काळ गेला. त्याच्यावर माती झाली. मग दुसरा थर वरून आला आणि त्यानं ती माती भाजून काढली. विहीर खोदताना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये अशी तांबडी पट्टी लागते. आपण तीच मध्ये टाकू. पट्टी टाकली की लांबीही भरून निघेल.

बाबा माझ्याजवळ आले. त्यांनी फार हळू विचारलं, "हे खरंच असते, का तू आताच बनवून सांगून राह्यली?"

त्या प्रश्नानं मला रडू आलं. मी आत गेले. खिडकीत माझे दगड ठेवलेले होते, आई ते रोज पुसते. त्यातला लाल तुकडा आणून मी बाबांच्या हातात दिला. तो ठिसूळ असतो. बाबांनी त्यावर अंगठा घासला. अंगठा तांबडा झाला. त्यांनी तो अंगठा पडद्यावरच्या काळ्याशेजारी धरला आणि बघत राहिले.

"भाई," ते चाचांना म्हणाले, "हा रंग बनते काय?"

चाचांनी त्यांचा अंगठा धरून उन्हाकडे वळवला. "बनते. पन इटकरी नाई पाह्यजे. थोडा काळा टाका लागीन."

मग बाबा आईला म्हणाले, "कात्री आन."

ती कात्री छपाईच्या खोलीत पहिल्यांदाच आली. पडदा टेबलावर पसरला. मध्य शोधून मी खडूनं रेघ मारली. आई कापायला पुढं झाली, पण बाबांनी कात्री तिच्या हातून घेतली. त्यांना कात्री नीट धरताही येत नव्हती. त्यांनी पहिली कातर घेतली आणि थांबले. चाचा आपल्या टोकावरून कापड ताणून धरून उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"डोये उघडा," बाबा म्हणाले, "कापड ढिलं पडून राह्यलं."

"तुमी कापा, मी धरतो. पाहा नोका लावू मले."

कात्रीचा आवाज खोलीभर येत होता. पहिला पडदा थोडा तिरपा कापला गेला. बाकीचे सरळ आले. शेवटचे दोन आईनं कापले.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. उरलेल्या कापडाच्या पट्ट्यांवर चाचांनी जुन्या ठशाच्या मागच्या सपाट बाजूनं लाल छापला, म्हणून तो गुळगुळीत न येता मातीसारखा खडबडीत आला. ते आम्हाला आधी सुचलं नव्हतं, मारताना दिसलं. पहिल्या पट्ट्या फार गडद झाल्या होत्या. त्या तशाच राहिल्या, दुसरं कापड नव्हतं. आमचे रंग पक्के व्हायला इस्त्रीची आच लागते, आणि नेमकी त्या दुपारी लाइट गेली. आभाळ भरून आलं होतं. मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांकडे पळत गेले. त्यांच्याकडे कोळशाची इस्त्री आहे. ते म्हणाले, "ढीग पडला हाय पाहा माह्यासमोर." मी तिथंच उभी राहिले.  शेवटी ते म्हणाले, "आन बापा, आन. तुयं तोंड पाहून कपडे जळतीन माह्याकून."

आई पायमशीनवर पट्ट्या जोडत होती. तिच्या पायाचा आवाज थांबला की बाबा खोलीतून विचारायचे, "काय झालं?" ती म्हणायची, "दोरा भरून राह्यली. कायले घाबरता?" पण थोड्या वेळानं तेच विचारायचे.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी बाबा आणि मी काळीपिवळी जीपमध्ये बसून शेलूबाजारला गेलो. पडद्यांचं गाठोडं बाबांनी मांडीवर घेतलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, टपावर टाका. बाबा म्हणाले, "टपावर नाई."  वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते. त्या बाईंनी विचारलं तर सांगायचं, ही पट्टी डिझाइनमध्येच होती. खरं म्हणजे ते खोटंही नव्हतं, दगडात ती असतेच. असं मी स्वतःला समजावत होते.

बंगल्यात रंगाचा वास होता. मंडपवाले बाहेर बांबू उतरवत होते. त्या बाईंच्या नवऱ्यानं शिडीवर चढून दांड्यात पडदे ओवले. एकेक पडदा खाली सुटत होता आणि मी दरवेळी आधी बुडबुडे बघत होते. सगळे वर चालले होते. तिरपा कापलेला पडदा कोपऱ्यात लागला, ते बरं झालं.

आठही लागल्यावर त्या बाई मागं गेल्या, सोफ्याच्या पलीकडे, आणि बघत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता.

"काका, ही लाल पट्टी कुठून आली? तक्क्यावर नव्हती."

मी तोंड उघडलं. बाबा माझ्या आधी बोलले.

"ताई, आमच्याकून उलटं छापल्या गेलं."

मला जमिनीत जावंसं वाटलं. बाबांनी सगळं सांगितलं. आम्ही खाली अंथरायच्या कापडाची माणसं, दोन टोकांकडून छापतो, टांगल्यावर अर्धं उलटं झालं, मग कापलं आणि मध्ये पट्टी जोडली. त्यांनी हातानं दाखवलंसुद्धा, चाचा कुठं उभे राहतात आणि ते कुठं. मग म्हणाले, "पट्टी बनावट नाई. जमिनीत असते. थे माह्या पोरीनं सांगतलं." 

 त्या बाई पडद्याजवळ गेल्या. शिवण बोटानं चाचपली. आतून पाहिली. पडदे सगळे एका बाजूला ओढले, पुन्हा मिटले. चुण्यांमधून लाल रेघ खालीवर होत पूर्ण भिंतभर जात होती. नवरा शिडीवरच बसून होता. "उद्या पाहुणे आहेत," तो म्हणाला, "आता दुसरे कुठून आणणार?"

"थांब जरा," त्या म्हणाल्या.

त्यांनी एका सोफ्यावरची उशी उचलली. या उशा आम्ही आधीच पाठवल्या होत्या, नुसत्या काळ्या-पांढऱ्या. ती उशी त्यांनी पडद्याजवळ धरली. मग दुसरी धरली. 

"नाही जुळत," त्या म्हणाल्या.

बाबांनी मान हलवली. त्यांनी हात पुढं केला, जणू पडदे आत्ताच काढून न्यायचे आहेत.

"उशा नाही जुळत, काका. पडदे राहू द्या. उशा परत न्या. यांच्यावर पण ही पट्टी पाहिजे, नाहीतर त्या वेगळ्या घरातल्या वाटतात. उद्याचं उद्या, मी त्यांच्यावर चादर टाकीन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि वरच्या खोल्यांचे पडदे राहिलेत. ते मात्र न कापता पाहिजेत. जमेल?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पडद्याकडे बघत होते.

"जमीन," ते म्हणाले. "आता कोन्ती बाजू वर, थे मालूम झालं."

परतीच्या जीपमध्ये गाठोडं पुन्हा बाबांच्या मांडीवर होतं, यावेळी उशांचं. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "मी कायले सांगतलं म्हून तुले राग आला काय?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "थे शिवन चाचपून राह्यली असती रोज. रोज तिले वाटलं असतं का काईतरी हाय. मंग बोलावलंच नसतं पुन्हा." आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आतेभाऊ दोन दिवसांनी पाना घेऊन आला. बाबांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "होळीपर्यंत तरी टेबल इथंच राहीन. मंग पाहू." तो थोडा रुसला. आता बसस्टँडजवळ खोली बघतो आहे. होळीनंतर काय होईल ते मला माहीत नाही.

बाबांनी त्याच दिवशी टेबलाच्या दाराकडच्या कडेला लाल रंगाचा एक बाण काढला. जो पट्टीसाठी बनवला होता, त्याच रंगाचा. बाणाचं टोक दाराकडे. म्हणजे दाराकडे वर, आणि छापताना दोघांनीही भिंतीकडच्या बाजूनं सुरुवात करायची, तोंड दाराकडे ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले, चप्पल काढली, बाण पाहिला.

"म्हन्जे मी अन् तुमी एकाच टोकाले?"

"हो."

"अन् पलीकडं कोन?"

"कोनी नाई."

चाचांनी बाबांच्या नेहमीच्या टोकाकडे पाहिलं. "इतकी वर्सं तुमचं तोंड पाहून काम केलं, भाऊ. लय चांगलं तोंड नोहतं, पन सवय होती."

"उभे राहा इथी," बाबा म्हणाले.

खोली अरुंद आहे. भिंतीकडच्या टोकाला दोन माणसं शेजारी शेजारी मावत नाहीत. त्यांनी ठसे उचलले आणि पहिल्याच ठशाला बाबांचं कोपर चाचांच्या कोपराला लागलं. ठसा जरा हलला. मी जवळ जाऊन पाहिलं. पोकळीचं डोकं वर होतं, ठशाची ओळ थोडी मोडली होती.

"राहू द्या," मी म्हणायच्या आधीच चाचा म्हणाले, "हे असंच पाह्यजे हिले." आणि बाबांना कोपरानं ढकलून त्यांनी स्वतःसाठी थोडी जागा करून घेतली.